मोबाईल अ‍ॅपवर बेसबॉलचा स्कोअर कसा ठेवायचा?

चोपड्याच्या एका भाऊंनी विचारलंय, थोडक्यात असं: "आमच्या कॉलेजकडे यंदा आंतरमहाविद्यालयीन बेसबॉलच्या मॅचेस आहेत. गावातल्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांचा स्कोअर मी क्रिकहीरोज या अ‍ॅपवर ठेवतो, म्हणून स्कोअरिंग माझ्याच गळ्यात पडलंय. बेसबॉल थोडाफार कळतो. कागद बाजूला ठेवून निव्वळ अ‍ॅपवर जमेल का? अ‍ॅप कोणतं घेऊ? आणि मुलींच्या सॉफ्टबॉललाही तेच चालेल का?"

अ‍ॅपवर जमेल. कागद मात्र बाजूला ठेवू नका, निदान या स्पर्धेपुरता तरी. मी जळगावात सॉफ्टबॉल खेळत मोठी झाले, खेळणं थांबल्यावर स्कोअररच्या टेबलावर येऊन बसले आणि आधी कागदावर, मग मोबाईलवर दोन्ही खेळांचा स्कोअर ठेवत आले. त्यावरून सांगते.

आधी अ‍ॅपचं. जगभर जास्त चालणारी दोन नावं म्हणजे गेमचेंजर आणि आयस्कोअर. दोन्ही अमेरिकेतली. गेमचेंजरवर स्कोअर ठेवणाऱ्याला पैसे पडत नाहीत. प्रेक्षकांसाठीच्या काही सोयी पैसे भरून मिळतात. त्याचा पडदा सुटसुटीत आहे, नवख्या माणसाला लवकर उमगतो. आयस्कोअर जरा किचकट, पण प्रत्येक खेळीनंतर (म्हणजे मैदानावर काहीही घडलं की) ते प्रश्न विचारत जातं आणि शेवटी कागदी स्कोअरशीटसारखं पान काढून देतं. माझं मत विचाराल तर नियम कच्चे असतील त्याने आयस्कोअरच्या प्रश्नांना उत्तरं देत बसावं, शिक्षण होतं. पण मॅच परवा असेल तर गेमचेंजर घ्या. कोणतंही घेतलं तरी एक परीक्षा घरीच करा: फोन एअरप्लेन मोडवर टाका, खोटी मॅच उघडा, दोन इनिंग भरा, अ‍ॅप बंद करून परत उघडा. भरलेलं सगळं जागेवर असेल तरच ते मैदानावर न्या. आपल्याकडे कॉलेजची मैदानं बरेचदा गावाबाहेर असतात, आणि तिथे नेटवर्कचा भरवसा नसतो.

आता तुमच्या क्रिकहीरोजच्या सवयीबद्दल. बटणं दाबायचा हात तुमचा बसलेला आहे, ते चांगलंच. पण क्रिकेटमध्ये बॉल टाकला की एका बॅट्समनच्या आणि एका बॉलरच्या नावावर काहीतरी चढतं आणि विषय मिटतो. बेसबॉलमध्ये एका फटक्यावर तीन बेसवरचे तीन रनर आणि चौथा बॅटर हलू शकतो, आणि प्रत्येकजण का हलला हे वेगवेगळं लिहावं लागतं. एकजण हिटमुळे, म्हणजे बॅटरच्या चांगल्या फटक्यामुळे, पुढे गेला, दुसरा थ्रो चुकला म्हणून, तिसरा त्या गडबडीत आउट झाला. अ‍ॅपला ही कारणं दिसत नाहीत. ते तुम्हाला विचारतं, आणि तुम्ही दाबाल ते खरं मानतं. जाता जाता, बेसबॉलची ही आकडेवारीची पद्धत रुळवणारे हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडमधले, १८२४ साली एक्सेटरला जन्मलेले, आणि अमेरिकेत वर्तमानपत्रासाठी आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचे. तेव्हा क्रिकेटकडून बेसबॉलकडे येणारे तुम्ही पहिले नाही.

मॅचच्या आदल्या रात्री खेळाडूंची यादी भरायची, आणि खानदेशात खरी कसोटी इथेच लागते. एका टीममध्ये चार पाटील, दोन चौधरी, एक महाजन. नंदुरबारची टीम आली तर वळवी, पाडवी, गावित यांच्या जोड्या. अ‍ॅप जागा वाचवायला नाव तोडून दाखवतं, "आर. पाटील". रोहित पाटील की राहुल पाटील? चौथ्या इनिंगमध्ये घाम पुसत हे शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून आडनावाच्या रकान्यात पहिलं नाव टाका आणि नावाच्या रकान्यात आडनाव. पडद्यावर "पी. रोहित", "पी. राहुल" असं दिसेल. चमत्कारिक वाटेल, पण मुलं एकमेकांना पहिल्या नावानेच हाका मारतात, त्यामुळे कानावर पडेल तेच डोळ्यासमोर राहील. देवनागरीत टाकलं तरी बिघडत नाही. नाव आणि आडनाव पुन्हा जागेवर नेऊन अंतिम अहवाल काढायचं काम घरी गेल्यावर.

जर्सीचे नंबर आदल्या रात्रीचे धरू नका. बऱ्याच कॉलेजांत जर्सीचा एकच संच असतो, तोच खो-खोला, तोच हँडबॉलला. सकाळी कोणाच्या अंगावर कोणती जर्सी आली ते टॉसच्या वेळी बघा, अंपायरकडे दिलेल्या लाइनअपशी नाव आणि नंबर दोन्ही ताडून घ्या, आणि मग अ‍ॅपमध्ये बदला. बॅटिंग ऑर्डर आणि फील्डिंगची जागा हे दोन्ही भरायचं. जागांचे आकडे तोंडपाठ हवेत: १ पिचर, २ कॅचर, ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड बेस, ५ थर्ड बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट फील्ड, ८ सेंटर, ९ राइट. शॉर्टस्टॉप सेकंड आणि थर्डच्या मधे उभा असतो तरी त्याचा आकडा ६, इथे सगळे अडखळतात.

सेटिंग्ज उघडा आणि एकेक वाचा. खेळ बेसबॉल आहे की सॉफ्टबॉल, इनिंग ७ की ९, डेसिग्नेटेड हिटर (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) आहे का, मोठ्या फरकाने मॅच कधी थांबवायची. हे सगळं तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रकावरून भरायचं. ही अ‍ॅप्स अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या मॅचेस डोळ्यासमोर ठेवून बनलेली आहेत. तिथल्या शालेय नियमांत सुरुवातीच्या लाइनअपमधला खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो. नेहमीच्या बेसबॉलमध्ये तसं नाही, एकदा बाहेर गेला तो त्या मॅचपुरता बाहेर. अ‍ॅप तुम्हाला त्याला परत घेऊ देईल, एका शब्दाने अडवणार नाही. अडवायचं काम अंपायरचं, पण त्याने विचारलं की "हा आधी बाहेर गेला होता का?" तर उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. त्यासाठी कागदावर बदलीची इनिंग आणि वेळ लिहून ठेवा.

बसायचं होम प्लेटच्या मागे, जाळीच्या पलीकडे, सावलीत. कोणत्याही टीमच्या डगआउटशेजारी (खेळाडू बसतात त्या जागेशेजारी) बसू नका; कोच बोटं घालून हिट की एरर (फील्डरची चूक) ते ठरवायला लागतात. आणि एकटे बसू नका. एकाने मैदान बघून बोलायचं, दुसऱ्याने भरायचं. "बॉल. स्ट्राइक. फाउल. ग्राउंडर, सहा ते तीन, आउट." (ग्राउंडर म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका; सहा ते तीन म्हणजे शॉर्टस्टॉपने फर्स्ट बेसकडे फेकला.) बोलणाऱ्याच्या मांडीवर कागद. एकट्यावरच वेळ आली तर एक नियम पाळा: चेंडू खेळात असेपर्यंत मान खाली घालायची नाही. सगळं थांबलं, चेंडू पिचरकडे परत गेला, की मग फोन. पुढची पिच (पिचरने टाकलेला चेंडू) यायला जेवढा वेळ मिळतो तेवढा भरायला पुरतो. न बघितलेली खेळी मात्र शेजारच्याला विचारून भरावी लागते, आणि शेजारच्याचा मुलगा नेमका बॅटिंगला असतो!

ऑक्टोबरच्या उन्हात आपल्याकडे फोन तापतो, पडदा आपोआप मंद होतो, कधी सरळ बंद पडतो. कव्हर काढून ठेवा, फोनवर पांढरा रुमाल धरा, आणि उन्हात पॉवर बँक लावून चार्जिंग करू नका, त्याने आणखी तापतो. दोन इनिंगच्या मधे सावलीत लावा. फोन येणारच, घरून नाहीतर प्राचार्यांचा. त्यासाठी "डू नॉट डिस्टर्ब" चालू हवं. बेसवर तीनजण असताना पडद्यावर कॉल उगवला की पुढच्या दोन पिच गेल्याच समजा.

मॅच सुरू झाली की प्रत्येक पिचला एक बटण: बॉल (बाहेरून गेलेली, बॅटरने सोडलेली पिच), स्ट्राइक (हुकलेली किंवा सोडलेली चांगली पिच, तीन झाल्या की आउट), फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका), इन प्ले (मैदानात गेलेला फटका). नवे लोक एका ठिकाणी हमखास गळतात. दोन स्ट्राइक झाल्यावर बॅटरने फाउल मारला की काउंट (बॉल-स्ट्राइकचा आकडा) बदलत नाही, म्हणून बटणच दाबत नाहीत. पण पिच तर पडली! पिचरच्या पिचेसची मोजणी तिथे चुकते. दुसरं, दोन स्ट्राइक असताना बंट (बॅट नुसती टेकवून मारलेला हलका फटका) फाउल गेला तर बॅटर आउट असतो, त्याला साधं फाउल दाबून चालत नाही; अ‍ॅपमध्ये फाउल बंट वेगळा दिलेला असतो.

पिचेसची मोजणी हा माझ्या मते अ‍ॅपचा सगळ्यात मोठा फायदा. कागदावर कोणी ती नेटाने करत नाही. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांच्या पिच स्मार्ट मार्गदर्शनात १७-१८ वर्षांच्या मुलासाठी एका दिवसात जास्तीत जास्त १०५ पिचेस सांगितल्यात, आणि ८१ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे दोन दिवसांत स्पर्धा उरकतात, टीममध्ये बरा पिचर एकच असतो, आणि तो सकाळी एक, दुपारी एक अशा दोन मॅच टाकतो. कोपर दुखायला लागतं तेव्हा त्याचं वय असतं एकोणीस. आपल्या स्पर्धेत ही मर्यादा बंधनकारक नसेल, तरी मॅच संपल्यावर आकडा कोचला दाखवा. "एकशे अठरा झाल्या, सर" असं पडद्यावर दिसलं की निदान विचार तरी करतात.

आता एक खेळी अगदी जवळून बघू, कारण अ‍ॅपची खरी मेख इथेच आहे. फर्स्टवर महाजन, एक आउट, बॅटिंगला वळवी. वळवीने शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर मारला. शॉर्टस्टॉपने चेंडू सेकंडवर दिला, महाजन आउट. सेकंड बेसमनने डबल प्लेसाठी (एकाच खेळीत दोन आउट करायला) फर्स्टकडे फेकला तो फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून गेला, दोरीपर्यंत घरंगळला, आणि वळवी सेकंडवर जाऊन उभा. प्रेक्षक टाळ्या वाजवतायत, वळवीने डबल (दोन बेसचा हिट) मारला म्हणून.

भरायचं असं: इन प्ले, ग्राउंड बॉल, फील्डर्स चॉइस (फील्डरने बॅटरऐवजी दुसऱ्या रनरला आउट करायला चेंडू दिला). आउट कोण, तर महाजन, ६-४. अ‍ॅप वळवीला फर्स्टवर ठेवेल. मग वळवीला फर्स्टवरून सेकंडवर सरकवा. कारण विचारेल तिथे एरर, थ्रोइंग, फील्डर ४. झालं. शॉर्टस्टॉपला असिस्ट (आउटला हातभार), सेकंड बेसमनला पुटआउट (प्रत्यक्ष आउट केल्याची नोंद) आणि एरर, वळवीच्या खात्यात हिट नाही. इथे नियमाचा बारकावा असा की डबल प्ले पुरा झाला नाही एवढ्यासाठी थ्रोला एरर देत नाहीत, तो होणारच होता असं धरता येत नाही. त्या चुकीच्या थ्रोमुळे रनर एक बेस जास्तीचा गेला तरच एरर. वळवी फर्स्टवरच थांबला असता तर थ्रो कितीही वाईट असो, एरर नाही. नवा मुलगा घाईत काय करतो, तर "सिंगल" दाबतो आणि वळवीला हाताने सेकंडवर ओढतो. मैदानावरचं चित्र बरोबर दिसतं, रनरही जागेवर, पण वळवीला फुकटचा हिट आणि पिचरच्या माथी एक हिट. मॅचचा निकाल याने बदलत नाही. विद्यापीठाचा संघ निवडताना बॅटिंग अ‍ॅव्हरेज बघायला बसतात तेव्हा बदलतो.

तिसरा स्ट्राइक कॅचरकडून सुटला, ही दुसरी जागा. फर्स्ट बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर पळू शकतो. आपल्याकडे डगआउटमधून आरोळी येते, "पय रे भो, पय!" आणि बॅट टाकून निघालेला बिचारा अर्ध्यातून वळून फर्स्टकडे सुटतो. तुम्ही तोपर्यंत "स्ट्राइकआउट" दाबून मोकळे झालेले असता, अ‍ॅपने आउट धरलेला असतो, आणि तो तिसरा असेल तर इनिंगही बदललेली असते. म्हणून तिसऱ्या स्ट्राइकला बोट थांबवा, आधी कॅचरच्या ग्लोव्हकडे बघा. सुटला असेल तर "ड्रॉप्ड थर्ड स्ट्राइक". कॅचरने फर्स्टला फेकून आउट केलं तर २-३. बॅटर सेफ झाला तर पिचरला स्ट्राइकआउट मिळतोच, आउट मात्र मिळत नाही. त्यामुळे एका इनिंगमध्ये पिचरचे चार स्ट्राइकआउट दिसले तर अ‍ॅप बिघडलं असं समजू नका.

आता हिट की एरर. यावर भांडणं होतात, आणि अ‍ॅप यात काडीची मदत करत नाही. नियमाची कसोटी "साधारण प्रयत्न" ही आहे: त्या पातळीच्या सरासरी फील्डरने साध्या प्रयत्नात तो चेंडू खेळला असता का? खेळला असता तर एरर, नाहीतर हिट. चेंडूला हात लागायलाच हवा असं नाही. सरळ आलेला ग्राउंडर दोन पायांमधून निसटला तर एरर. विचारात चुकला, चुकीच्या बेसवर फेकला, तर सहसा एरर देत नाहीत.

आणि आता आपली काळी माती. पावसाळा संपला की तिला भेगा पडतात, वरचा थर खडखडीत होतो, रोलर फिरवला तरी ढेकळं राहतातच. शॉर्टस्टॉप बरोबर जागेवर उभा, ग्लोव्ह खाली, आणि चेंडू भेगेच्या काठावर आपटून त्याच्या खांद्यावरून जातो. नियम याबाबत स्पष्ट आहे: चेंडूने अस्वाभाविक उसळी घेतली आणि त्यामुळे साधारण प्रयत्नात तो खेळता आला नाही, तर हिट. खडा, भेग, बेसची कड, काहीही असो. पण याचा अर्थ आपल्या मैदानावर कोणालाच एरर द्यायचा नाही असा होत नाही. काही स्कोअरर सगळं मातीच्या माथी मारतात, मग शेवटी पंधरा हिट दिसतात आणि एरर शून्य. मी सकाळी मॅचआधी इनफील्डवर एक चक्कर मारते, उसळी कुठे घेते ते पायाने बघते, कागदाच्या कोपऱ्यात जागा टिपते. थर्डच्या पुढे भेग आहे हे माहीत असलं की पाचव्या इनिंगमध्ये निर्णय डळमळत नाही.

ठरत नसेल तर अ‍ॅपमध्ये तात्पुरतं काहीतरी भरा, कागदावर त्या खेळीभोवती गोल करा आणि पुढे चला. इनिंग संपली की ठरवा. खेळी नंतर उघडून बदलता येते. फक्त लगेच लक्षात आलेली चूक "अनडू"ने काढा. चार खेळ्या मागे जाऊन बदलायचं असेल तर बदलल्यानंतर पुढच्या प्रत्येक खेळीत रनर कुठे उभे आहेत ते परत तपासा. मागचा एक आउट सेफ केला की पुढचं सगळं सरकतं.

वाइल्ड पिच आणि पास्ड बॉल एकच समजू नका. कॅचरने साध्या प्रयत्नात धरायला हवा होता तो सुटला, तर पास्ड बॉल, दोष कॅचरचा. धरण्यापलीकडचा होता तर वाइल्ड पिच. चेंडू प्लेटच्या आधी जमिनीवर टप्पा पडून आला आणि रनर पुढे गेला, तर डोळे मिटून वाइल्ड पिच. फरक कुठे पडतो? वाइल्ड पिचमुळे आलेला रन पिचरच्या अर्न्ड रनमध्ये (पिचरच्या जबाबदारीवर धरलेल्या रनमध्ये) मोजला जातो, पास्ड बॉलमुळे आलेला नाही. अर्न्ड रन ठरवताना एरर आणि पास्ड बॉल झालेच नसते तर इनिंग कशी गेली असती हे मनात पुन्हा मांडायचं असतं. अ‍ॅप ते स्वतः मांडतं आणि बहुतेक वेळा बरोबर मांडतं, पण तुम्ही भरलेल्या कारणांवरच.

अ‍ॅपमुळे एक नवीनच अडचण आली आहे, ती कोणी सांगत नाही. लाइव्ह स्कोअर. तुम्ही भरता ते त्याच क्षणी दोन्ही डगआउटमधल्या फोनवर दिसतं. समजा बॅटिंग ऑर्डर चुकली, पाचव्याऐवजी सहावा बॅटर येऊन उभा राहिला. नियमानुसार स्कोअररने ही गोष्ट अंपायरला किंवा कुठल्याही टीमला सांगायची नाही. दाद मागायची ती समोरच्या टीमने, त्यांच्या लक्षात आलं तर. पण अ‍ॅपवर पाचव्याचं नाव झळकतंय आणि उभा आहे सहावा, म्हणजे तुम्ही तोंड न उघडता सांगितलंच की! म्हणून लाइव्ह बंद ठेवा, किंवा निदान मॅच चालू असताना लिंक कोणाला देऊ नका. पालकांना मॅचनंतर बघू द्या. याच्या उलट, तीन आउट व्हायच्या आधीच टीम बाजू बदलायला लागल्या तर मात्र गप्प बसायचं नाही, लगेच मुख्य अंपायरला सांगायचं. तेही नियमातच आहे.

मॅच संपली की ताळा जमवा. नियमपुस्तकातली ही पद्धत मला फार आवडते. एका टीमचे अ‍ॅट बॅट (पुढच्या गोष्टी वगळून उरलेल्या बॅटिंगच्या पाळ्या), वॉक (चार बॉलवर मिळालेला फर्स्ट बेस), अंगाला लागलेले, सॅक्रिफाइस बंट, सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः आउट होऊन रनरला पुढे नेणारे फटके) आणि अडथळ्यामुळे मिळालेले बेस यांची बेरीज ही त्या टीमचे रन, बेसवर अडकून राहिलेले आणि समोरच्या टीमचे पुटआउट यांच्या बेरजेएवढी आली पाहिजे. उदाहरण घ्या. सात इनिंग पूर्ण बॅटिंग केलेली टीम: अ‍ॅट बॅट २७, वॉक ४, अंगाला लागलेला १, सॅक्रिफाइस बंट १, एकूण ३३. दुसऱ्या बाजूला रन ५, अडकलेले ७, पुटआउट २१, एकूण ३३. जमला. प्लेटवर आलेला प्रत्येकजण शेवटी रन झाला, आउट झाला किंवा अडकला, चौथी गत नाही. आता गंमत अशी की अ‍ॅपचा ताळा त्याच्यापुरता जमतोच, कारण दोन्ही बाजू ते एकाच नोंदीतून काढतं. तुम्ही एक अख्खा बॅटर भरायचा विसरलात तरी जमेल. म्हणून ताळा कागदावर जमवायचा, आणि मग कागदाचे आकडे अ‍ॅपशी लावायचे. दोन्हीकडे ३३ आले तर चहा प्या. एकीकडे ३३ आणि दुसरीकडे ३२ असेल तर कोणत्या इनिंगमध्ये बॅटर कमी पडतो ते शोधा, पाच मिनिटांत सापडतं. कागद न सोडण्याचं माझं मुख्य कारण हेच.

आकडे काढताना दोन ठिकाणी जपा. इनिंग "५.२" लिहिलेली असते, म्हणजे पाच इनिंग आणि दोन आउट. तुम्हाला षटकांमुळे हे कळेलच. पण ऑफिसात कोणीतरी एक्सेलमध्ये ५.२ आणि १.२ ची बेरीज ६.४ करतं, खरी येते ७.१. दुसरं, अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज, म्हणजे एका पूर्ण मॅचमागे पिचरचे अर्न्ड रन. अ‍ॅपमध्ये ते ९ इनिंगवर आहे की ७ वर हे बघा. सहा इनिंगमध्ये तीन अर्न्ड रन दिलेला पिचर नवाच्या हिशेबाने ४.५० आणि साताच्या हिशेबाने ३.५० दाखवतो. दोन कॉलेजांनी दोन हिशेबांचे आकडे निवड समितीपुढे ठेवले तर एकाच्या मुलावर अन्याय होतो.

अंपायर आणि दोन्ही कोचच्या सह्या कागदावर घ्या, त्याचा फोटो काढा. अ‍ॅपचा अहवाल पीडीएफ निघाला तर उत्तम, नाहीतर स्क्रीनशॉट, आणि ते दोन्ही त्याच रात्री आयोजकांच्या मेलवर. फोन हरवतो, बदलतो, अ‍ॅपचा पासवर्ड कोणाच्या लक्षात राहत नाही. जमल्यास अ‍ॅपचं खातं तुमच्या नावाने न उघडता कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या ईमेलने उघडा, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही नसलात तरी मुलांचे आकडे राहतील.

मुलींच्या सॉफ्टबॉलला तेच अ‍ॅप चालेल, दोन्ही अ‍ॅपमध्ये सॉफ्टबॉलची सोय आहे. फक्त बेसबॉलची टीम उघडून त्यातच मुलींची मॅच भरू नका, नवी टीम काढा आणि खेळ सॉफ्टबॉल निवडा. इनिंग ७. सुरुवातीची खेळाडू एकदा बाहेर जाऊन परत येऊ शकते, त्यामुळे तिथे री-एंट्री चालू हवी. डेसिग्नेटेड हिटरऐवजी डीपी (डेसिग्नेटेड प्लेअर, दुसरीच्या जागी बॅटिंग करणारी) आणि फ्लेक्स (जिच्या जागी ती बॅटिंग करते ती फील्डर) अशी जोडी असते. फ्लेक्स दहावी म्हणून यादीत येते, आणि ती डीपीच्या जागी बॅटिंगला आली की लाइनअप दहाची नऊ होते. हा बदल अ‍ॅपमध्ये भरायचा सराव आदल्या दिवशी नक्की करा, कारण मैदानावर कोच तो एका दमात सांगतात आणि अंपायर लगेच "प्ले" म्हणतो.